प्लेगनंतरची सुरत : अधिकारांच्या वाटपातून शहराचा कायापालट

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीने सुरत हादरली, लाखो लोक शहर सोडून गेले आणि तुंबलेली गटारे व कचऱ्याचे ढीग यांतून नगरव्यवस्थेचे अपयश उघडे पडले. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त, म्हणजे राज्य सरकारने नेमलेले प्रशासनप्रमुख, म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सर्वप्रथम निर्णयप्रक्रिया बदलली. शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांना त्यांनी आयुक्तांचे आर्थिक व प्रशासकीय अधिकार दिले. या विकेंद्रीकरणामुळे, म्हणजे निर्णयाचा अधिकार कामाच्या जागेजवळ नेल्यामुळे, मुख्यालयातील विलंब टळला, तर अधिकाऱ्यांच्या दैनंदिन पाहणीमुळे उत्तरदायित्वही निश्चित झाले. प्रमुख रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, बेकायदा बांधकामे पाडून रस्ते रुंद झाले आणि झोपडपट्ट्यांत फरसबंदी व शौचालयांची कामे झाली. पाडकामाच्या कारवाईतून धनिकांची बांधकामेही सुटली नाहीत, त्यामुळे तिला लोकांचा पाठिंबा मिळाला. नेतृत्वाचा टिकाऊ परिणाम व्यक्तीच्या धडाडीइतकाच तिने घालून दिलेल्या कार्यपद्धतीवर अवलंबून असतो, हे सुरतेच्या उदाहरणातून स्पष्ट होते.