ग्रासला जायचं तर आधी फुलांकडे

दक्षिण फ्रान्समधलं ग्रास बघायचं तर अत्तराच्या दुकानांआधी फुलं बघावीत, असं माझं ठाम मत आहे. हे गाव मुळात कातडी कमावणाऱ्यांचं. चामड्याचा उग्र वास झाकायला हातमोजे सुगंधित करू लागले. पुढे चामड्याचा धंदा बसला, सुगंध राहिला. तो तगला भोवतालच्या शेतांमुळे. चमेली पहाटेच खुडायची, ऊन चढलं की वास उतरतो. या नाजूक फुलाला उष्णता सोसत नाही, म्हणून पूर्वी काचेवर चरबी थापून त्यावर एकेक फूल ठेवत, सुकलं की बदलत, चरबी वासाने पुरती भरेपर्यंत.

कुणी म्हणेल, आज बहुतेक सेंटांत प्रयोगशाळेतली रसायनं असतात, चमेलीचा अर्क इजिप्तमधून आणि आपल्या तमिळनाडूतूनही जातो. मग ग्रासचं काय उरलं? आक्षेप खोटा नाही. पण युनेस्कोने 2018 मध्ये वारसा म्हणून नोंदवली ती इथली फुलशेती, कच्च्या मालाची जाण आणि मिश्रणाची कला. 'शनेल नंबर 5'मध्ये आजही इथली चमेली असते. म्हणून गुलाबासाठी मे महिना, चमेलीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर गाठा. अत्तर संग्रहालयाची बाग जवळच मुआँ-सार्तूला आहे.