राजा जेम्स आणि त्याचा जॉर्ज

१६११ चं इंग्रजी बायबल ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तो इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आपला लाडका दरबारी जॉर्ज व्हिलियर्स याच्या प्रेमात होता, असं मानायला पुरावा भक्कम आहे. ख्रिस्ताला जसा त्याचा शिष्य जॉन, तसा मला जॉर्ज, असं तो १६१७ मध्ये चक्क प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळापुढे, बोलला. त्या काळी पुरुष आपल्या मित्रांविषयी असंच बोलत-लिहीत, हा आक्षेप खोटा नाही. पण जॉर्जला लिहिलेल्या १६२३ च्या पत्रात जेम्स नाताळात नव्यानं लग्न लावायची भाषा करतो, जॉर्जला पत्नी आणि स्वतःला पती म्हणवतो. नुसत्या मैत्रीत इतकं कोण लिहितं? जेम्सला राणी ॲन, मुलंबाळं होतीच. पण वारस देणं हे राजाचं कर्तव्य, त्यावरून मनाची ओढ कळत नाही. गंमत म्हणजे, पुरुषांमधला शरीरसंबंध अक्षम्य गुन्हा आहे, असं आपल्या मुलासाठी, राजपुत्रासाठी, लिहिलेल्या ग्रंथात म्हणणाराही हाच! शरीरसंबंध पत्रांवरून सिद्ध होत नाही; प्रेम मात्र होतं.