नसांची आग आणि फिटची गोळी

मधुमेहाला दहा-बारा वर्षं झाली की अनेकांची तक्रार सुरू होते ती पायांची. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रात्री हे सगळं वाढतं. काहींना अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. डॉक्टर गोळी लिहून देतात. घरातलं कुणीतरी मोबाइलवर तिचं नाव शोधतं आणि पडद्यावर येतं, ‘नैराश्यावरील औषध’ नाहीतर ‘अपस्मारावरील औषध’. ‘मला काय वेड लागलंय? मला कधी फिट आलीय?’ गोळी तिथेच बंद होते आणि दुकानातून ओळखीची डायक्लोफिनॅकची पट्टी येते.

नेमकं चुकतं ते इथे. गुडघा सुजला, पाय मुरगळला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन त्यांनाच आवर घालतात. मधुमेहातल्या किंवा नागिणीनंतरच्या वेदनेत बिघडलेली असते ती वेदनेची बातमी मेंदूपर्यंत नेणारी नस. वायर शॉर्ट झाली की दारात कुणी नसतानाही बेल वाजत राहते, तसा हा प्रकार. इथे त्या पट्टीचा उपयोग जवळजवळ शून्य; मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांना मात्र ती भोवू शकते.

फिटमध्ये मेंदूतल्या पेशी कारण नसताना भराभर संदेश सोडतात. दुखावलेली नसही तेच करते. म्हणून एकीकडचं औषध दुसरीकडे चालतं. कार्बामॅझेपिन हे स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये शोधलेलं रसायन. १९६२ मध्ये ब्लोम या डॉक्टरांनी ते चेहऱ्याच्या नसेतून विजेसारख्या उठणाऱ्या कळांवर वापरून पाहिलं. त्या आजारावर आजही पहिली पसंती त्यालाच आहे. गॅबापेंटिनची गोष्ट तर गमतीची. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाची नक्कल म्हणून ते मुद्दाम घडवलं गेलं, आणि गाबाच्या ग्राहींशी त्याचा काही संबंधच नाही असं पुढे निघालं! ते नसेच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या वाटेला जाऊन चिकटतं आणि संदेशांचा मारा कमी करतं. अमेरिकेत त्याला १९९३ मध्ये फिटसाठी आणि २००२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. प्रिगॅबालिन हे त्याचंच धाकटं भावंड.

ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन नैराश्याच्या घरातली. मेंदूकडून खाली मज्जारज्जूत वेदना दाबणारे संदेश येत असतात, त्यांना ही औषधं बळ देतात. मन उदास असो वा नसो, हा परिणाम होतोच. ॲमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यावरची मात्रा याच्या कितीतरी पट असते.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं? २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात १३० मधुमेही रुग्णांना ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रिगॅबालिन आलटून पालटून दिली गेली. तिन्हींचा आराम सारखाच निघाला. एकाने भागलं नाही तेव्हा दुसऱ्याची जोड दिल्यावर फरक पडला. म्हणजे निवड ठरते ती माणूस पाहून. प्रोस्टेट वाढलेल्या, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्या आजोबांना ॲमिट्रिप्टिलिन नको. प्रिगॅबालिनने गरगरतं, पायांवर सूज येते, वजन वाढतं, आणि ते मूत्रपिंडातून बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. कार्बामॅझेपिन घेताना अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

अपेक्षाही बेताची हवी. वेदना निम्म्यावर आली, रात्रीची झोप परतली, तर डॉक्टर ते यश मानतात. आणि तेवढंही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मात्रा हळूहळू वाढवत काही आठवडे दिल्याशिवाय गोळीचा निकाल लागत नाही. दोन दिवसांत ‘फरक नाही’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडणं स्वतःवर. तीही हळूहळूच उतरवायची असते.

या गोळ्या वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. साखर आटोक्यात ठेवणं आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासणं हे काम उरतंच. आणखी एक. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने शरीरातलं बी-१२ घटू शकतं, शाकाहारी माणसाचं तर आधीच कमी असतं, आणि त्याच्या कमतरतेनेही पायांना अशाच मुंग्या येतात. तुमची बी-१२ची तपासणी झाली नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीने विचारा.