अंग आंबतं, पण आम्लामुळे नाही!

पोलीस भरतीच्या तयारीचा पहिला दिवस हुरूपाचा असतो. वाशीसारख्या तालुक्याच्या गावातली मुलं-मुली पहाटे मैदान गाठतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्यावर कुणी शंभरेक उठाबशाही काढतं. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या भरून येतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि खाली बसणंही अवघड होतं.

आपण याला ‘अंग आंबलं’ म्हणतो. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे असं होतं, हा समजही जुना आहे. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेटची पातळी पूर्ववत होते. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतं. तेव्हा दोष आम्लाचा नाही.

उठाबशीत खाली बसताना किंवा उतारावरून धावताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. सवय नसेल तर त्याच्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते. शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे दाह होतो आणि चेतातंतू हळवे बनतात. अशी इजा हेच कारण असावं, असं अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडलं होतं.

दुरुस्त झालेला स्नायू पुढच्या वेळी तोच ताण सहज सोसतो. खुरपणीला पहिले दोन दिवस अंग धरतं, मग काही वाटत नाही, ते यामुळेच. म्हणून सराव हळूहळू वाढवावा. दुखत असताना हलकं चालावं, पुरेशी झोप घ्यावी, जेवणात डाळ, दूध, अंडी असावीत. नुसतं ताणून घेतल्याने हे दुखणं फारसं टळत नाही.

मात्र धावताना एकाच जागी अचानक कळ आली, तर ती दुखापत समजून थांबा. अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. मूत्रपिंडावर ताण येतो. असह्य वेदना, सूज आणि चहासारखी गडद लघवी दिसली, तर तातडीने रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी करू शकतं.

भरतीची तयारी काही महिने आधीच सुरू करा. शेवटच्या आठवड्यात घेतलेला जोर मैदानावर उपयोगी पडत नाही, उलट ऐन चाचणीच्या दिवशी पाय अडवतो.