रक्ताचें माप आणि यंत्राची साक्ष

रुग्णालयांत रक्त तपासून घेतलेल्या माणसाच्या हातीं शेवटीं जो कागद येतो, त्यावरील आंकड्यांना एक प्रकारचा दरारा असतो. हिमोग्लोबिन ११.४, पांढऱ्या पेशी ६,२००, प्लेटलेट १८,००० असे आंकडे यंत्रानें छापून दिले म्हणजे त्यांविषयीं शंका घेण्याचें धैर्य रोग्याच्या नातलगांना तर होत नाहींच, पण कित्येकदां डॉक्टरलाही होत नाहीं. नाडी पाहणारें बोट चुकेल, सूक्ष्मदर्शकांतून पाहणारा डोळा चुकेल, पण यंत्र कसें चुकेल, अशी ही श्रद्धा आहे. ती सर्वस्वी निराधार नाहीं. मात्र ती कोठपर्यंत धरावी आणि कोठें सोडावी हें कळण्यास, यंत्र नेमकें काय मोजतें आणि त्याच्या मापाला आधार कोणाचा, हें पाहणें अवश्य आहे.

रक्तपेशी मोजण्याचा उद्योग यंत्रांच्या फार आधींचा. कार्ल फिअरोर्ड्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८५२ सालीं रक्तांतील पेशींची मोजदाद प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हां एका तपासणीला तासच्या तास लागत. पुढें पद्धति सुधारली. रक्त दोनशें पट पातळ करावयाचें, रेघा आंखलेल्या कांचेच्या उथळ कोठडींत त्याचा थेंब सोडावयाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं चौकटीचौकटींतील पेशी डोळ्यांनीं मोजावयाच्या, हा क्रम शंभर वर्षें चालला. मोजणारा कितीही दक्ष असला तरी या पद्धतींत एक दोष असा होता कीं, तो दक्षतेनें जात नसे. चारशें पेशी मोजल्या, तर त्याच रक्ताच्या दुसऱ्या थेंबांत निव्वळ योगायोगानें तीनशें साठ किंवा चारशें चाळीस भरणें अशक्य नाहीं. म्हणजे शेंकडा दहाचा फरक कोणाच्याही हातून चूक न होतां पडे. हाच योगायोग चाळीस हजार पेशी मोजल्या असतां शेंकडा एकावर येतो. पण चाळीस हजार पेशी मोजण्यास डोळे कोणाचे आणावयाचे?

तें काम वॉलेस कूल्टर या अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेनें केलें. त्याच्या शोधाचें पेटंट १९५३ सालच्या ऑक्टोबरांत मंजूर झालें. वीज वाहून नेणाऱ्या खारट द्रवांत रक्त पातळ करून तें एका सूक्ष्म छिद्रांतून ओढून घ्यावयाचें. छिद्राचा व्यास सुमारें एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा. छिद्राच्या दोन्ही अंगांस विजेचीं टोकें असून त्यांमधून प्रवाह चालू असतो. पेशी ही विजेला अडविणारी वस्तु. ती छिद्रांतून जातांना प्रवाहाला क्षणमात्र अडथळा होतो, आणि पेशी जेवढी मोठी तेवढा अडथळा मोठा. अडथळे किती झाले हें मोजलें कीं पेशींची संख्या मिळाली, आणि प्रत्येक अडथळा केवढा हें पाहिलें कीं त्यांचा आकार मिळाला. आजच्या यंत्रांत याच्या जोडीला प्रकाशकिरण आणि रंगद्रव्यें आलीं आहेत, तरी तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मोजण्यास कित्येक यंत्रांत अजून हीच युक्ति चालते. यंत्राला पेशी दिसत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. त्याला फक्त अडथळा कळतो.

अशा यंत्रांत एकच रक्त दहा वेळां घातलें तर दहाही उत्तरें जवळजवळ एकसारखीं येतात. या एकवाक्यतेलाच लोक अचूकपणा समजतात, आणि घोटाळा तेथें सुरू होतो. दहा मिनिटें पुढें असलेलें घड्याळ रोज तितकेंच पुढें असतें. त्याच्या नियमितपणांत उणें कांहीं नसतें, फक्त गाडी सांपडण्याचा हिशेब चुकतो. जुन्या बाजारांत मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा, तर सरकारी शेर ८० तोळ्यांचा होता. दोन्ही वाणी प्रामाणिक असून आणि दोन्ही तराजू बिनचूक असूनही ‘एक शेर’ या शब्दाला अर्थ कोणता, हें बाजार कळल्यावांचून सांगतां येत नसे.

रक्ताच्या बाबतींतही शेराचीच गति झाली होती. हिमोग्लोबिन पूर्वीं शेंकडेवारींत सांगत. हाल्डेनच्या मापावर शंभर म्हणजे एक डेसिलिटर रक्तांत १३.८ ग्रॅम, आणि दुसऱ्या एका प्रचलित मापावर शंभर म्हणजे सतरा ग्रॅमांहून अधिक! एकच बाई एका रुग्णालयांत ठणठणीत ठरावी आणि दुसऱ्यांत ऐंशी टक्क्यांची पांडुरोगी ठरावी, हें सहज घडण्यासारखें होतें. बेल्क आणि संडरमन या दोघां डॉक्टरांनीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकाच द्रावाचे नमुने पाठवून उत्तरें मागविलीं आणि ती पाहणी १९४७ सालीं प्रसिद्ध केली. समाधानकारक उत्तरांपेक्षां असमाधानकारक उत्तरेंच अधिक निघालीं. त्या काळीं यंत्रें नव्हतीं, म्हणून दोष हातांना देतां आला. पण यंत्रें आल्यानें तो आपोआप नाहींसा होणार नव्हता. दोन कारखान्यांचीं दोन यंत्रें, प्रत्येकाचें द्रावण निराळें, प्रत्येकाचें बेतलेलें माप निराळें; मग जुना वाद नव्या थाटांत उभा राहण्यास उशीर कितीसा?

त्यावर उपाय एकच होता: सर्वांनीं मान्य केलेलें एक मूळ माप ठरविणें. रक्तशास्त्रांतील प्रमाणीकरणासाठीं १९६३ सालीं एक आंतरराष्ट्रीय समिति निघाली आणि हिमोग्लोबिन हा तिचा पहिला मोठा विषय झाला. रक्ताचा ठराविक अंश सायनाइडयुक्त द्रावणांत २५१ पट पातळ केला म्हणजे हिमोग्लोबिनचें एका स्थिर रंगाच्या द्रव्यांत रूपांतर होतें. तें द्रव्य ५४० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना किती अडवितें हें ठाऊक असल्यामुळें त्या रंगावरून ग्रॅमांचा हिशेब थेट करतां येतो. तेथें दुसऱ्या कोणाच्या कांचेच्या तुकड्याशीं रंग जुळवीत बसावें लागत नाहीं. सायनाइड विषारी म्हणून आजचीं बरींच यंत्रें दुसरें द्रावण वापरतात, तरी त्यांची जुळणी परंपरेनें याच मापापर्यंत पोंचली पाहिजे असा दंडक आहे. मूळ पद्धतीवरून प्रमाण द्रव, त्यावरून कारखान्याचें माप, त्यावरून रुग्णालयांतील यंत्र, अशी ही सांखळी असते. सांखळीची एक कडी निसटली तरी यंत्र पूर्वींइतक्याच ऐटींत आंकडे छापीत राहतें.

अर्ध्या ग्रॅमाच्या फरकानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. भारतांत रक्तदात्याचें हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम असावें असा नियम आहे. गरोदर स्त्रीला ११ च्या खालीं गेल्यास पांडुरोग धरतात. या सीमारेषांच्या आसपासच माणसांची गर्दी असते. यंत्र अर्धा ग्रॅम वर दाखवूं लागलें तर जिला औषधाची गरज तिला तें मिळणार नाहीं, आणि ज्यानें रक्त देऊं नये त्याचें घेतलें जाईल.

म्हणून यंत्राची रोज परीक्षा घ्यावी लागते. ज्याचें माप आधींच ठाऊक आहे अशा रक्ताची कुपी सकाळीं यंत्रांत घालून येणारें उत्तर एका आलेखावर टिंबानें मांडतात. कारखान्यांतील मालाच्या तपासणीची ही रीत लेव्ही आणि जेनिंग्ज यांनीं १९५० सालीं रुग्णालयांत आणली. टिंबें मध्यरेषेच्या दोहों बाजूंस विखुरलेलीं असलीं तर ठीक. तीं रोज थोडथोडीं एकाच बाजूस सरकूं लागलीं तर यंत्र घसरत आहे असें समजावें. याहून मौजेची युक्ति कॅलिफोर्नियांतील ब्रायन बुल यानें १९७४ सालीं पुढें आणली. तांबड्या पेशीचा सरासरी आकार आणि तिच्यांतील हिमोग्लोबिनची दाटी हीं एकेका रोग्यांत बदलत असलीं, तरी रुग्णालयांत रोज येणाऱ्या जनसमूहांत फारशीं बदलत नाहींत. तेव्हां वीस वीस रोग्यांची सरासरी काढीत गेल्यास रोग्यांच्या रक्तावरूनच यंत्राची पारख होते. विकतची कुपी नको. मात्र ही सरासरी त्या त्या रुग्णालयाची स्वतःची पाहिजे. जेथें अर्ध्या बायका लोहाच्या अभावानें फिकट पडलेल्या आहेत, तेथें परदेशांतील सरासरी आणून टांगण्यांत शहाणपण नाहीं.

घरची परीक्षा झाली तरी परक्याची व्हावी लागते. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था रक्तपेशींच्या तपासणीसाठीं आणि वेल्लोरचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज रक्तांतील रसायनांसाठीं असे उपक्रम चालवितात. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना जातो, उत्तरें परत येतात, आणि आपण समुदायापासून किती दूर आहों हें प्रत्येकीला कळतें.

पण यंत्र निर्दोष असलें तरी त्यांत जें घालावें तेंच तें मोजणार. सलाईन चालू असलेल्या हातांतून रक्त काढलें तर तें पाणी मिसळलेलें रक्त असतें. नळी अर्धवट भरली, किंवा भरल्यावर आठदहा वेळां हलकेच उलटीसुलटी केली नाहीं, तर आंत बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट तिच्यांतच अडकून बसतात. या चुका प्रयोगशाळेच्या दाराबाहेर होतात, आणि अपयश मात्र यंत्राच्या पदरीं येतें.

प्लेटलेटचा विषय महाराष्ट्रांत विशेष निकडीचा आहे. पावसाळा उतरणीस लागला कीं मुंबई-पुण्यांत डेंग्यूची साथ डोकें वर काढते, आणि घरोघर ताप किती याच्याआधीं प्लेटलेट किती हें विचारलें जातें. आंकडा उतरला कीं नातलग रक्तपेढ्यांच्या पायऱ्या झिजवूं लागतात. डेंग्यूच्या उपचाराविषयींचें राष्ट्रीय मार्गदर्शन असें आहे कीं, रक्तस्राव होत नसेल तर १०,००० च्या खालीं गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार करावा. आतां दुर्दैव असें कीं, ज्या ठिकाणीं हा निर्णय टांगलेला आहे, त्याच ठिकाणीं यंत्र सर्वांत दुबळें असतें. निरोगी माणसाच्या अडीच लाखांच्या मानानें १०,००० ही संख्या पंचवीस पट लहान. तेवढ्याच थेंबांत मोजण्यास प्लेटलेट पंचवीस पट कमी मिळतात आणि योगायोगाची चूक पांचपट होते. शिवाय द्रावणांतील धूळ किंवा तांबड्या पेशीचा तुकडा यांचाही अडथळा प्लेटलेटएवढाच. लोहाच्या अभावानें किंवा थॅलॅसेमियानें ज्याच्या तांबड्या पेशी खुरटल्या आहेत, त्याच्या कांहीं पेशी यंत्र प्लेटलेटमध्यें धरतें आणि खोटा दिलासा देतें. उलट ज्यांच्या प्लेटलेट जन्मतःच मोठ्या असतात (बंगालकडील कित्येक निरोगी रक्तदात्यांत हें आढळलें आहे) त्यांच्या प्लेटलेट गणतींतून सुटतात आणि धडधाकट माणसाला विनाकारण रोगी ठरविलें जातें.

याहून फसवा प्रकार नळींतल्या औषधाचा आहे. रक्त गोठूं नये म्हणून नळींत ईडीटीए हें द्रव्य घातलेलें असतें. हजारांत साधारण एखाद्या माणसाच्या रक्तांत या द्रव्यामुळें प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके होतात, आणि नळी जितका वेळ पडून राहील तितके ते वाढतात. शरीरांत कांहीं बिघाड नसतो. सगळा प्रकार नळींत घडतो. पुंजका यंत्राला एक मोठी पेशी वाटतो, क्वचित् पांढरी पेशीही वाटतो, आणि दोन लाखांचे अठरा हजार होतात. साध्या तापाच्या रोग्याला मग दुसऱ्याच्या रक्तांतील प्लेटलेट चढविल्या जातात. त्यांची प्रतिक्रिया येण्याचा धोका त्याच्या वांट्याला येतो, आणि अवघे पांच दिवस टिकणारी ती पिशवी खऱ्या गरजूला मिळत नाहीं.

या मापासाठींही २००१ सालीं प्रमाण-पद्धति ठरली. प्लेटलेटलाच चिकटणारीं चमकदार प्रतिद्रव्यें घालून, एका प्लेटलेटमागें तांबड्या पेशी किती हें मोजतात, आणि तांबड्या पेशींच्या खात्रीच्या संख्येवरून प्लेटलेटची संख्या काढतात. ती महागडी असल्यानें रोजच्या कामाची नव्हे. यंत्रांची पारख करण्यापुरती आहे. रोजच्या कामाला जुनी कांचपट्टीच उपयोगी पडते. यंत्राला संशय आला कीं तें आंकड्याशेजारीं खूण छापतें. ती खूण दिसतांच रक्ताचा एक थेंब पट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पट्टीच्या पातळ कडेपर्यंत पाहावयाचा. पुंजके असले तर तेथें हटकून सांपडतात. मग सायट्रेट घातलेल्या नळींत नवें रक्त मागवून लगेच मोजावें, आणि त्या द्रवानें रक्त पातळ होतें म्हणून येणाऱ्या संख्येला १.१ नें गुणावें. ज्या प्रयोगशाळेंत हा नियम पाळला जातो, तेथील कागदावर अशा वेळीं प्लेटलेटच्या रकान्यांत प्रथम आंकडा नसतोच. प्लेटलेट पुंजक्यांत आहेत, संख्या पुरेशी दिसते, सायट्रेटच्या नळींत पुन्हां रक्त पाठवावें, एवढीच ओळ तेथें लिहिलेली असते.