आजच्या दिवसाची सोबत

सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग ज्या गावी एकत्र येतात, त्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याच्या शिवारात कापसाची शेते, औद्योगिक वसाहतीतील कारखाने, मालट्रकांचे थांबे आणि शेवभाजीचे ढाबे शेजारी शेजारी नांदत आहेत. आणि शेतमजूर, पाळी संपलेला कामगार व लांब पल्ल्याचा ड्रायव्हर हे तिघेही दिवेलागणीच्या सुमारास कामातून मोकळे होत असल्यामुळे, हमरस्त्यावरच्या इतर कोणत्याही गावाप्रमाणे इथेही पिणाऱ्यांची बैठक जमण्यास निमंत्रणाची गरज पडत नाही. या बैठकीचा विचार आपण बहुधा दारूच्या अंगाने करतो. परंतु तिच्यात बसणाऱ्यास तिथे आणखीही बरेच काही मिळत असते: दिवसभराचे गाऱ्हाणे ऐकून घेणारा कान, अडीअडचणीला शंभर-दोनशे रुपये हातउसने देणारा सोबती, आणि घरी जो मान उरलेला नाही तो तासाभरापुरता तरी देणारी माणसे. म्हणून असा मनुष्य जेव्हा दारू सोडतो, तेव्हा तिच्याबरोबर त्याची मित्रमंडळीही सुटते. आणि संध्याकाळचा जो वेळ आजवर कसा सरत होता हे त्यास कळतही नव्हते, तो आता सरता सरत नाही.

व्यसनमुक्तीचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. देवळात नारळ फोडून किंवा लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा आपल्या गावांत थोड्या नाहीत, आणि त्या घेणारे सगळेच लबाड होते असेही नाही. शपथ घेताना तो मनुष्य मनापासून बोलत असतो. मात्र ती निभावण्याचे काम त्याच्या एकट्याच्या माथी टाकून आपण सारे बाजूला होतो, आणि पंधरवड्याने तो पुन्हा झोकांड्या खाताना दिसला की त्याच्या इच्छाशक्तीच्या नावाने बोटे मोडतो. दारू सोडण्याचा निश्चय एकट्याने करता येतो, तो टिकवणे मात्र सोबतीवाचून फार थोड्यांना साधते. आणि ही सोबत थोर पुरुषाच्या उपदेशाची नसून बरोबरीच्या माणसाची, रोजची आणि साधी असावी लागते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आरंभीच एक सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हातपाय कापणे, घाम सुटणे व झोप उडणे ही लक्षणे पहिल्याच दिवशी दिसू लागतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फीट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन भलतेसलते दिसणे, भान सुटणे हे प्रकार क्वचित प्राणावरही बेतू शकतात. यास्तव हे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढणे अवश्य आहे. परंतु औषधोपचाराची ही मुदत साधारण आठवड्याची. त्यापुढची वर्षे त्या मनुष्याला आपल्याच गावात, त्याच रस्त्यांवरून, त्याच गुत्त्यासमोरून काढायची असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती, आणि दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांना जे काही मिळू शकते, ते मुख्यतः शेजारीपाजारी व सगेसोबती यांच्याकडूनच.

खानदेशास हा विचार नवा नाही. १९२२ च्या सुमारास आदिवासी मुलखात देवीच्या नावाने एक लाट उठली आणि डांग, सुरत व पश्चिम खानदेशच्या डोंगरपट्टीत गावेच्या गावे एकत्र बसून दारू-ताडी सोडण्याची आण घेऊ लागली. त्यानंतर १९३८ च्या सुमारास, नंदुरबार जेव्हा धुळ्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत होते त्या काळी, तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराज या भिल्ल समाजातील साधुपुरुषाने आरतीचा परिपाठ सुरू केला. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून हजारो माणसे पायी चालत या आरतीस येत, स्नान करून स्वच्छ वस्त्रे नेसत, दारू सोडल्याचे सर्वांसमक्ष सांगत आणि परस्परांना आदराने ‘आप’ म्हणत. ज्यास सावकार आणि फॉरेस्टचा शिपाई एकेरी हाक मारीत, त्यास आपल्याच माणसांच्या तोंडून प्रतिष्ठा मिळू लागली. महाराजांचे त्याच वर्षी देहावसान झाले, परंतु त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले आणि ‘आप की जय’ हा घोष त्या मुलखात आजही लोपलेला नाही. सरकारी हुकुमावाचून माणसांचा हा मेळा कामास आला. कारण त्यात पुन्हा पुन्हा येऊन बसण्याची सोय होती.

मैदानी खानदेशात हेच कार्य वारकरी माळेने केले. ज्याने माळ घातली त्याची दारू सुटली, असे खेडोपाडी मानले जाते. आणि माळ घातलेल्यास संध्याकाळी देवळात हरिपाठाला, एकादशीला भजनाला आणि आषाढात मुक्ताईनगरच्या किंवा आपल्या गावच्या दिंडीला जावे लागते. हरिपाठाची वेळ आणि गुत्त्याची वेळ एकच, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही. मृदंगाच्या साथीने टाळ धरून उभ्या असलेल्या दहाजणांमध्ये जो आपली जागा घेतो, तो नाही आला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतेच, ‘बापू, काल का नही उना?’ त्या विचारण्यात तपासणीचा सूर नसतो. आपली जागा रिकामी राहिल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले, एवढेच त्यात असते, आणि तेवढे पुष्कळ होते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच तत्त्व एका निराळ्या वाटेने हाती लागले. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रोखेबाजारातील बिल विल्सन हा गृहस्थ, दारू सुटून काही महिनेच झालेले असताना, ओहायो प्रांतातील ॲक्रन या गावी एका व्यवहारासाठी आला आणि तो व्यवहार फिसकटल्यामुळे हॉटेलच्या दिवाणखान्यात हताश होऊन येरझारा घालू लागला. एका बाजूस मद्यगृहातून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. आत पाऊल टाकण्याऐवजी त्याने गावातील धर्मोपदेशकांच्या यादीवरून टेलिफोन करण्यास प्रारंभ केला, आणि मागितले काय, तर आपल्यासारखाच दारूने गांजलेला एखादा मनुष्य. अशा रीतीने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले, कारण समोरचा मनुष्य त्यांना सुधारण्यास आलेला नसून स्वतः तग धरण्यासाठी आला होता. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि तो दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सर्वांच्या तोंडी ‘एए’, या संघटनेचा स्थापनादिन ठरला. भारतात तिचे कार्य १९५७ साली दिल्लीत सुरू झाले, आणि कालांतराने मराठीतूनही तिच्या मीटिंगा भरू लागल्या.

अशी एखादी मीटिंग जवळून पाहावी. शाळेची एक खोली, दहा-बारा खुर्च्या, थर्मासातला चहा. ज्याची पाळी येते तो आपले पाळण्यातले नाव तेवढे सांगतो, मी दारुडा आहे असे बिनदिक्कत कबूल करतो आणि बोलू लागतो: पगाराचे पाकीट घरी पोचलेच नव्हते तो दिवस, बहिणीच्या लग्नात केलेला तमाशा, पोराने शाळेत बापाचे नाव सांगण्याचे टाळले ती गोष्ट. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘तू असे करायला हवे होतेस’ असे म्हणत नाही. संपल्यावर आभार मानून पुढच्याची पाळी येते. जात, हुद्दा, आडनाव यांची विचारपूस होत नाही, वर्गणी सक्तीची नसते आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. बारा वर्षे न प्यालेला आणि तीन दिवस न प्यालेला शेजारी बसतात, आणि त्या खोलीत सर्वांत महत्त्वाचा मानला जातो तो तीन दिवसांचा नवखा. कारण त्याला पाहून बारा वर्षांचा जुना आपण कोठून आलो हे विसरत नाही. दारूवाचून एक वर्ष पुरे झाले की त्या दिवसाला ‘बर्थडे’ म्हणतात, आणि घरातली माणसेही त्या टाळ्यांत सामील होतात.

महाराष्ट्रात या सोबतीला घराची ऊब दिली ती पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य त्यामागे होते. उपचार घेऊन बरे झालेलेच पुढे तिथे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णमित्रांना हाताशी धरतात, गावोगावी पाठपुराव्याच्या सभा भरतात, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो. पत्नीचा हा विचार अगत्याचा आहे. नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून तो किती प्यालेला आहे हे ओळखणाऱ्या स्त्रीला, तो न पिता आला तरी कित्येक महिने धास्ती वाटत राहते. तिची शंका पाहून तो चिडतो, आणि त्याच्या चिडण्याने तिची शंका बळावते. हा पेच उलगडण्यास तिच्यासारख्याच दुसऱ्या स्त्रीचा अनुभव जितका उपयोगी पडतो, तितका कोणाचाही उपदेश पडत नाही.

सोबतीच्या या सगळ्या वर्तुळांत रात्रंदिवस एकच वाक्य कानी पडते: ‘फक्त आजचा दिवस.’ जन्मभर पिणार नाही हे ओझे कोणालाही पेलवत नाही. आज रात्री झोपेपर्यंत पिणार नाही, एवढे बहुतेकांना जमते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार प्रसंगी ओढ बळावते असा अनुभव असल्याने, जुनी माणसे नवख्याला संध्याकाळी वेळेवर पोटभर जेवण्यास, खिशात गुळाचा खडा ठेवण्यास आणि ओढ लागताच पहिला घोट घेण्याआधी फोन करण्यास सांगतात. त्या फोनवर तत्त्वज्ञान सांगायचे नसते. ‘बापू, आज कसं शे?’ असे विचारून, कपाशीला काय भाव आला, पाळी कोणती लागली, हे पाऊण तास बोलत राहिले की ओढीची ती लाट ओसरते. ती कायम टिकत नाही, हे प्रत्येकाला कोणीतरी सोबत असतानाच प्रथम कळते. आखाजी, पोळा आणि लग्नातली वरात हे आपल्याकडचे निसरडे प्रसंग. अशा वेळी एकट्याने जाऊ नये, एकमेकांना घेऊन जावे व एकमेकांना घेऊनच परत यावे, हा संकेत सोबत्यांनी पाळला पाहिजे.

आणि इतके करूनही कोणी घसरतो. त्यास ‘स्लिप’ म्हणतात, आणि सोबतीची खरी कसोटी त्या दिवशी लागते. लाज वाटून तो तोंड चुकवू लागतो, मित्र वैतागतात, घरचे म्हणतात की हा काही सुधारणारा नव्हे. परंतु घसरलेल्यास दाराशी थांबवून जाब विचारण्यापेक्षा, पुढच्या मीटिंगची त्याची खुर्ची तशीच ठेवणे हे अधिक उपकारक होय. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय परीक्षण-संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक माणसांचा, एकत्रित आढावा घेतला तेव्हा असे दिसून आले की पूर्णतः दारूवाचून राहण्याच्या बाबतीत एए व तिच्याशी जोडून देणारे शास्त्रशुद्ध उपचार हे इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना काहीसे सरस ठरतात. समदुःखी माणसांच्या एकत्र बसण्याला जी किंमत आपले संत देत आले, तिला या आकड्यांचीही जोड मिळाली आहे.

तेव्हा नरडाण्यासारख्या गावी काय करता येईल? मोठी इमारत किंवा सरकारी अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. दारू सोडलेला एक आणि सोडू इच्छिणारा एक, एवढी दोन माणसे, देवळाच्या ओट्यावरची वा शाळेच्या वर्गातली एक ठराविक वेळ, आणि त्या वेळेस पाऊस असो वा लग्न, हजर राहण्याची चिकाटी, एवढ्यावर आरंभ होतो. पाळीत काम करणाऱ्यांसाठी ती वेळ सकाळची व संध्याकाळची अशी दोनदा ठेवता येईल. उपचारकेंद्राची माहिती हवी असल्यास केंद्र शासनाचा १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे. आणि जे स्वतः पीत नाहीत, त्यांचेही कर्तव्य लहान नाही: सोडलेल्यास गमतीनेही आग्रह न करणे, त्याच्या मागच्या वागण्याची उजळणी चारचौघांत न काढणे, त्यास काम व विश्वास देणे आणि त्याला पुनश्च ‘भाऊ’, ‘आप्पा’ अशी मानाची हाक मारणे.

दारू सोडणाऱ्याचे कौतुक पहिल्या महिन्यात सारे गाव करते. सातव्या महिन्यात कौतुक सरलेले असते, घेणेकरी दारात असतात आणि जुने सोबती रस्त्यात हटकत असतात. त्या महिन्यात जो त्याच्या घरी जाऊन चहा घेतो आणि उद्या पुन्हा येतो असे सांगून खरोखरच येतो, तो त्याचा संसार सावरण्यास हातभार लावतो. हे कार्य करण्यास कोणतीही पदवी लागत नाही, आणि ते प्रत्येक गावात आज संध्याकाळपासून सुरू करता येण्याजोगे आहे.