गाणे की नुसती बडबड?

घरातल्या मुलाने रॅप लावले की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यात गाणे कुठे आहे?’ प्रश्न अगदीच गैर नाही. रॅपमध्ये सूर कमी आणि शब्द फार. ते शब्द तालावर कसे बसवले आहेत, यमक कुठे साधले आहे आणि बोलणारा काय सांगतो आहे, यातच सारी गंमत. शाहिराचा पोवाडा ऐकताना तरी आपण आलापी कुठे शोधतो? खरी अडचण अशी, की नवख्याच्या कानावर बहुधा आधी शिवराळ गाणीच पडतात आणि तो कानांवर हात ठेवून उठतो. त्यापेक्षा थोडी जुनी गाणी ऐकून पाहावीत.

हे संगीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले. १९७०च्या दशकात या भागाची रया पार गेली होती. मधून मोठा हमरस्ता काढल्याने वस्त्या दुभंगल्या होत्या, रोजगार आटला होता, इमारतीमागून इमारती जळत होत्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत, एवढाच हेतू. तबकड्या वाजवायला तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गायन थांबून नुसता ताल उरला की नाचणाऱ्यांना खरा चेव येतो, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावत काही सेकंदांचा तो तुकडा तो लांबवू लागला. अशा तालावर माइकवरून जे बोलणे रंगत गेले, तेच रॅप.

सुरुवात ‘रॅपर्स डिलाइट’ने करावी. शुगरहिल गँगचे हे गाणे १९७९चे. ते सिल्व्हिया रॉबिन्सन या एकेकाळच्या गायिकेने काढले. चाल ‘शीक’ या गटाच्या ‘गुड टाइम्स’वरून उचललेली, मूळ कर्त्यांनी हरकत घेतली तेव्हा कुठे त्यांची नावे लागली. गाणे निखळ मौजेचे आहे. लांब आवृत्ती चौदा मिनिटांहून मोठी आहे, ती पुरी ऐकलीच पाहिजे असे नाही.

यानंतर मात्र १९८२चे ‘द मेसेज’ शांतपणे ऐकावे. गाण्यावर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचे असले तरी आवाज मुख्यतः मेली मेल आणि ड्यूक बूटी यांचे. तोवर रॅप म्हणजे नाच आणि बढाया. इथे ठेका एकदम संथ होतो आणि कोंदट घर, उंदीर, थकलेले हप्ते, दाराबाहेरची भीती एकेक करून समोर येते. शेवटच्या कडव्यात एका मुलाची कहाणी आहे, जन्मापासून तुरुंगाच्या कोठडीतल्या मृत्यूपर्यंत. पार्टीत असले रडगाणे कोण ऐकणार, अशी शंका खुद्द गटातच होती. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तीत हे गाणे होते.

रॉकची आवड असलेल्यांसाठी १९८६चे ‘वॉक धिस वे’ आहे. रन-डीएमसी आणि एरोस्मिथ यांनी मिळून म्हटलेले. गिटार ओळखीची असल्याने कान बिचकत नाहीत.

रॅप म्हणजे बायकांना शिव्या, ही तक्रार पुष्कळदा खरीच असते. तिला रॅपमधूनच उत्तर दिले क्वीन लतीफाने, १९९३च्या ‘युनिटी’ या गाण्यात. रस्त्यात छेड काढणारा आणि घरात हात उगारणारा, दोघांनाही तिने फैलावर घेतले आहे. ज्या शब्दाला तिचा आक्षेप आहे तो शब्द गाण्यात येतो, हे ध्यानात ठेवावे. या गाण्याला ग्रॅमी मिळाले.

आणि एकच गाणे ऐकायचे असेल, तर टुपाक शकूरचे ‘डिअर ममा’. आई अफेनी ब्लॅक पँथर चळवळीतली. कटाच्या आरोपाखाली खटला चालला तेव्हा तिच्या पोटात टुपाक होता. तिने वकील न घेता स्वतःच आपली बाजू मांडली आणि मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली. महिन्याभराने मुलगा जन्मला. पुढे हीच आई व्यसनाच्या आहारी गेली, मायलेकांत दुरावा आला. १९९५च्या या गाण्यात मुलगा काहीच झाकत नाही. आई व्यसनी होती हे तो बोलून दाखवतो आणि त्याच दमात तिने पोटाला चिमटा घेऊन वाढवल्याची आठवण काढतो. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासला त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. वय पंचवीस. अफेनी त्याच्यामागे जवळजवळ वीस वर्षे जगली.

आपल्याकडे रॅप घरोघरी पोचले ते १९९२च्या बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’मुळे. तेही व्हॅनिला आइसच्या गाण्यावर बेतलेले, आणि त्याची चाल क्वीन व डेव्हिड बोवी यांच्याकडून आलेली. उसनवारीची उसनवारी! मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझीचे ‘मेरे गली में’ २०१५ साली आले, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ चित्रपट आला आणि गल्लीतली भाषा गाण्यात रुजली.

उच्चार भराभर असल्याने शब्द निसटतात. म्हणून पहिल्यांदा ऐकताना गाण्याचे बोल समोर ठेवावेत. घरात लहान मुले असतील तर ‘क्लीन’ असे लिहिलेली आवृत्ती निवडावी. ‘डिअर ममा’ची तशी आवृत्तीही मिळते.